बदकाचा मान

हवामानाला नावे ठेवावीत असे त्या सकाळी काहीच नव्हते, आणि बाईंना त्याचाही राग आला होता. आकाश स्वच्छ होते. वारा शीड भरण्यापुरता होता, टोपी उडवण्याइतका नव्हता. शिडाच्या होड्यांचे वेड लागलेल्या मंडळींच्या क्लबची वार्षिक सहल होती आणि तळ्याकाठच्या लाकडी धक्क्यावर, लाइफ जॅकेटात न मावणारी पोटे घेऊन, जो तो दुसऱ्याच्या पाठीवर थापा मारत होता. माणसे चांगली होती. वर्षानुवर्षांच्या ओळखीची, अडीनडीला धावून येणारी. बाईंचे दुखणे नेमके तेच होते. वाईट माणसांवर रागावणे त्यांना सोपे गेले असते.

व्हरांड्यात मास्तर, म्हणजे बाईंचे पती, चहा ओतत उभे होते आणि त्यांच्या गळ्यात एक लाकडी बदक लोंबत होते.

बदक वीतभर लांबीचे, पिवळे, चोचीचा रंग उडालेले होते. सहलीच्या दिवशी ज्याची होडी उलटेल त्याने पुढच्या सहलीला ते गळ्यात बांधून सगळ्यांना चहा द्यायचा, असा क्लबचा रिवाज होता. तो कुणी पाडला हे कुणालाच आठवत नव्हते, म्हणून तो मोडावा असेही कुणाला वाटत नव्हते. ज्याच्या गळ्यात बदक पडे तोही हसे. मास्तरही हसत होते. किटली वाकवताना बदक कपावर आपटू नये म्हणून ते डाव्या हाताने अलगद धरत, आणि ती सवयीची हालचाल बाईंना पाहवत नव्हती.

"मास्तर, बदकाला जरा पाणी दाखवा हो. वर्षभर कोरडंच आहे बिचारं," कुणीतरी म्हणाले.

"त्याला सर्दी होते," मास्तर म्हणाले.

"माझ्या कपात साखर जास्त घाला," दंतवैद्य म्हणाला. "घरातल्या घरात धंदा चालू राहिला पाहिजे."

सगळे हसले. दंतवैद्याला असा विनोद करण्याचा अधिकार होता. गेल्या वर्षी मास्तरांच्या होडीत त्याचीच मुलगी बसली होती. होडी उलटताना शिडाचा आडवा दांडा तिच्या तोंडावर आदळला आणि समोरच्या दाताचा टवका उडाला. बापाने तो त्याच संध्याकाळी बसवून दिला. मुलगी आता परगावी शिकायला गेली होती आणि हा किस्सा सगळ्यांना रंगवून सांगत होती. मनाला लावून घेतले ते फक्त मास्तरांनी.

मास्तर शाळेत चित्रकला शिकवत, आणि धक्क्यावरच्या निम्म्या माणसांना सुकाणू धरायला त्यांनीच शिकवले होते. 'टिटवी' ही आपली होडी त्यांनी घराच्या मागच्या खोलीत, सुट्टीसुट्टीत, स्वतःच्या हाताने बांधली होती. ती तयार झाल्यावर दारातून बाहेर निघेना, तेव्हा खिडकीची चौकट काढावी लागली. चौकट पुन्हा बसवल्यापासून ती खिडकी नीट लागत नसे आणि थंडीत बाईंचे पाय गारठत. पण त्याबद्दल बाईंनी कधी चकार शब्द काढला नव्हता. अशी ती टिटवी गेल्या सहलीला, भर तळ्यात, आजच्यासारख्याच गरीब वाऱ्यात, डाव्या कुशीवर कलली ती कललीच. मास्तरांनी सगळे उपाय केले. ती वर आली नाही.

"वय होतं, मास्तर," धक्क्यावर आणल्यावर ॲडमिरल म्हणाले होते. "हात जड होतो. त्यात लाजायचं काय?"

मास्तरांनी मान डोलावली. त्या दिवसानंतर त्यांनी सुकाणूला हात लावला नाही. टिटवी क्लबला वापरायला देऊन टाकली. सकाळी उठून वाऱ्याकडे बघायची सवय सुटली, पाठोपाठ चित्रे काढणेही सुटले. जिना उतरताना ते कठडा धरू लागले. हाताला काही झालेले नव्हते. हातावरचा भरवसा गेला होता. बाईंना तो भरवसा परत हवा होता. आज त्या तेवढ्यासाठीच आल्या होत्या.

ॲडमिरल हे क्लबचे अध्यक्ष. आरमाराशी त्यांचा संबंध फक्त पांढऱ्या टोपीपुरता होता. विमा कंपनीत दुसऱ्यांच्या अपघातांची कारणे शोधण्यात त्यांची नोकरी सरली होती. माणूस मोठा उमदा, आवाज खणखणीत, शब्दाला वजन. गेल्या वर्षी होडी काठाला लागल्यावर ते सर्वांदेखत म्हणाले होते, "बूच मी स्वतः पाहिलं. घट्ट होतं." त्या एका वाक्याने निकाल लागला होता.

हे बूच म्हणजे काय ते सांगायला हवे. असल्या होडीच्या दोन्ही कुशींत हवाबंद टाक्या असतात. टाकीत हवा असेल तर उलटलेली होडीही सरळ करता येते. पाणी भरले असेल तर देवालाही ती उठवता येणार नाही, असे मास्तर शिकवत. देवाचा उल्लेख बाईंना अनावश्यक वाटे, बाकी विधान बरोबर होते. टाकीच्या मागच्या टोकाला, अगदी खाली, एक भोक असते. होडी काठावर असली की आत ओल राहू नये म्हणून त्याचे बूच काढून ठेवतात आणि पाण्यात लोटण्यापूर्वी पिळून बसवतात. बूच राहिले तर लगेच काही होत नाही. होडी मजेत निघते, आणि टाकी मुकाट्याने भरत राहते.

बाईंचा जन्म असल्याच गोष्टींत गेला होता. झडपा आणि सांधे कुठे गळतात हे तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या त्या प्रमुख होत्या. हाताखालची मंडळी त्यांना पाठीमागे गळतीबाई म्हणत. हे त्यांना ठाऊक होते आणि त्या नावात त्यांना काही चूक आढळली नव्हती. क्लबात मात्र त्यांच्या डॉक्टरेटमुळे लोक त्यांना गुडघेदुखीवर गोळ्या विचारत.

अपघातानंतर पंधरवड्याच्या आत बाईंनी क्लबच्या शेडमध्ये जाऊन टिटवीच्या टाकीचे बूच बसवले, टाकीच्या वरच्या झाकणातून सायकलच्या पंपाने हवा भरली आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी फिरवले. एकही बुडबुडा आला नाही. टाकी शाबूत होती. आता शाबूत टाकीत बूच घट्ट असताना पाणी शिरत नाही. पाणी तर शिरले होते. त्याशिवाय होडी तशी पडून राहिली नसती. म्हणजे एकतर बाईंची चाचणी चुकली होती, किंवा ॲडमिरलांचे वाक्य. बाईंनी चाचणी पुन्हा केली.

"असेल," मास्तर म्हणाले होते. "पण सुकाणू माझ्या हातात होतं. आणि ॲडमिरल खोटं कशाला बोलतील?"

"ते मला माहीत नाही. पाणी खोटं बोलत नाही एवढं माहीत आहे."

"तुझं नेहमीचंच," म्हणून मास्तरांनी दिवा मालवला होता.

तेव्हापासून बाईंचा राग दोघांत विभागला गेला होता: खोटे बोलणाऱ्यावर थोडा, आणि ते खरे मानून म्हातारे होत चाललेल्यावर पुष्कळ.

चहा संपत आला तसे ॲडमिरल होड्यांच्या तपासणीला निघाले. हा त्यांचा जुना परिपाठ. प्रत्येक होडीपाशी वाकायचे, लावलेले बूच काढून जॅकेटच्या खिशात टाकायचे, टाकीवर मुठीने ठोकून भोकाला कान लावायचे, आत पाणी खळखळत नाही अशी खात्री झाली की बूच पुन्हा पिळून बसवायचे. लोक कौतुकाने म्हणत, छाती तपासावी तसे तपासतात. बाई कप हातात घेऊन पाहत होत्या. बंद असलेली वस्तू, ती बंद आहे का हे पाहण्यासाठी उघडणे, हा प्रकार त्यांच्या प्रयोगशाळेत कुणी केला असता तर त्याला त्यांनी उभा जाळला असता.

टिटवी रांगेत शेवटची होती. ॲडमिरल वाकले. डाव्या टाकीचे लाल बूच पिळून निघाले, उजव्या खिशात गेले. टाकीवर दोन ठोके पडले.

"ॲडमिरल, फोटो," दंतवैद्याने हाक मारली. "तुमच्याशिवाय सगळे बारीक दिसतायत. या लवकर."

ॲडमिरल हसत सरळ झाले, टोपी सारखी केली आणि चालू लागले.

गेल्या वर्षीही फोटो झाला होता. वर्षभर जे त्यांनी कागदावर मांडले होते ते त्यांच्या डोळ्यांसमोर, लख्ख उजेडात, घडून गेले. तोंड उघडून "अहो, बूच राहिलं" एवढे म्हणायचे काम होते. पण तसे म्हटले असते तर काय झाले असते? ॲडमिरल कपाळावर हात मारून म्हणाले असते, बघा, नशीब. सगळे हसले असते. आणि बदक होते तिथेच राहिले असते.

टिटवी आज ॲडमिरल स्वतः हाकणार होते. "मास्तरांचा मान राखायला," असे ते म्हणाले होते, आणि मास्तरांनी त्यांचे आभारही मानले होते. बाईंनी हिशेब केला. वारा हलका, पाणी कोमट, लाइफ जॅकेट अंगात, माणूस पट्टीचा पोहणारा, मदतीची इंजिनाची बोट धक्क्याला बांधलेली. होडी डावीकडे कलेल आणि उठणार नाही. ओलेचिंब ॲडमिरल काठावर येतील आणि खिशातून बूच निघेल. याहून स्वच्छ प्रयोग कुणी मांडून दिला नसता. बाई गप्प बसल्या. हे भान सुटल्यामुळे झाले नाही. पूर्ण विचार करून, थंड डोक्याने, त्या गप्प बसल्या. कारण रागाने त्यांचे डोके तापत नसे, गार पडे.

फोटो झाला. होड्या एकेक करून पाण्यात सरकल्या. शिडे भरली, कुणी गाऊ लागले, कुणी त्याला गप्प केले. ॲडमिरल टिटवीत बसले, दोर सोडला, आणि तेवढ्यात वहिनी कुणाचे तरी नारिंगी लाइफ जॅकेट अंगात चढवत धक्क्यावरून घाईघाईने आल्या.

वहिनी म्हणजे ॲडमिरलांच्या पत्नी. आजवरच्या एकाही सहलीत त्या पाण्यात उतरल्या नव्हत्या. पोहता येत नसे. तळ्याकडे पाठ करून पाव कापत बसायच्या. गेल्या वर्षी सगळ्यांनी मास्तरांची थट्टा केली तेव्हा घरी येऊन त्यांच्यापाशी मुकाट बसलेले माणूस म्हणजे एकट्या वहिनी.

"आज मीही येते," त्या म्हणाल्या. "पाणी किती शहाण्यासारखं वागतंय. हात द्या."

"अहो आश्चर्यम," ॲडमिरल म्हणाले. "बसा राणीसरकार, हलू नका."

बाई दोन पावले पुढे झाल्या. "वहिनी," त्या म्हणाल्या. आवाज जितका निघायला हवा होता तितका निघाला नाही. धक्क्यावरच्या मंडळींनी वहिनींच्या धाडसाला टाळ्या वाजवल्या आणि त्या टाळ्यांत टिटवी निघून गेली.

इंजिनाची बोट तरी आहे, असे म्हणून बाईंनी वळून पाहिले. ती जागेवर नव्हती. होड्यांचे फोटो उन्हाच्या बाजूने चांगले येतात म्हणून फोटोवाल्याला पलीकडच्या काठावर सोडायला ती मघाशीच गेली होती. हिशेबातल्या दोन गोष्टी चुकल्या होत्या. बाई व्हरांड्यात आल्या तेव्हा मास्तर कप विसळत होते.

"टिटवीचं बूच लागलेलं नाही," बाई म्हणाल्या. "ॲडमिरलांच्या उजव्या खिशात आहे."

मास्तरांनी वर पाहिले. "तुला काय माहीत?"

"काढताना पाहिलं मी. फोटोला गेले ते तसेच. मागच्या वर्षीही असंच झालं असणार. तुझा हात जड नव्हता. कळतंय का तुला? तुझी काही चूक नव्हती."

वर्षभर हे वाक्य ज्या क्षणासाठी राखून ठेवले होते तो क्षण असा येईल असे बाईंना वाटले नव्हते. मास्तरांच्या कानात ते शिरलेच नसावे.

"फोटोच्या आधी पाहिलंस?"

"हो."

"आणि बोलली नाहीस."

"ते एकटे जाणार होते. वारा हलका आहे, जॅकेट आहे, मी सगळा विचार—"

"वहिनी आहेत त्यात." मास्तरांचा आवाज चढला नव्हता. चाळीस वर्षे मुलांना शिकवलेल्या माणसाला आवाज चढवावा लागत नाही. "दांडा डोक्याला लागतो. जॅकेट शिडाखाली अडकतं. माणूस घाबरून दोर सोडत नाही. तुला गळती कळते, बुडणं कळत नाही. हो बाजूला."

ते धक्क्यावर गेले. दंतवैद्याची एकट्याने हाकायची छोटी होडी अजून बांधलेली होती; तिचे बूच त्यांनी वाकून, बोटाने चाचपून पाहिले. दंतवैद्य "अहो मास्तर, ती माझी" म्हणेपर्यंत त्यांनी दोर सोडला, पायाने धक्का लोटला आणि सुकाणू हातात घेतले. गळ्यातले बदक काढायचे त्यांना सुचले नाही.

बाई धक्क्याच्या टोकाशी उभ्या राहिल्या. होड्यांतले त्यांना फार कळत नसे, पण काटकसर कळे. मास्तरांच्या त्या होडीत एकही हालचाल वाया जात नव्हती. वारा कमी पडला तिथे ते पुढे सरकत, झुळूक आली की पाठ पाण्यावर टेकेल इतके बाहेर झुकत. बदक त्यांच्या छातीवर उलटेसुलटे उडत होते. टिटवी तळ्याच्या मध्यावर डावीकडे किंचित झुकून चालली होती. पाहणाऱ्याला वाटावे, ॲडमिरल ऐटीत हाकत आहेत.

"काय झालं काय?" दंतवैद्याने विचारले.

"टिटवीची टाकी भरतेय," बाई म्हणाल्या. मग कुणी हसले नाही.

मास्तरांनी तिला गाठले तेव्हा तिची डावी कड पाण्याला लागली होती. दोन्ही शिडे खाली आली. वहिनींना आपल्या होडीत घेण्यात मास्तरांचा बराच वेळ गेला. एवढ्या अंतरावरून दोनच रंग दिसत होते, वहिनींचे नारिंगी जॅकेट आणि पिवळे बदक. तोवर फोटोवाल्याला सोडून परतणारी इंजिनाची बोट तिथे आली आणि कुशीवर रेललेल्या टिटवीला ओढत धक्क्याकडे निघाली.

काठाला आल्यावर ॲडमिरलांनी टोपी काढून पाणी झटकले. "नशीब, मास्तरांनी पाहिलं," ते सगळ्यांना उद्देशून म्हणाले. "बुचाचा आटा झिजलाय. मध्येच निघून पडलं असणार. जुन्या होड्यांचं हे असंच."

बाईंना वाटले होते की आपला राग मास्तरांच्या मघाच्या बोलण्याने जरा ओशाळला असेल. तो जागेवर होता.

"उजव्या खिशात बघा," त्या म्हणाल्या.

ॲडमिरलांचा हात हलला नाही. हलला तो वहिनींचा. नवऱ्याच्या खिशात रुमाल शोधावा तितक्या सहज त्यांनी हात घातला आणि लाल बूच बाहेर काढले. ते तळहातावर धरून त्या बघत राहिल्या.

"गेल्या वर्षीही?" त्यांनी विचारले.

ॲडमिरल धक्क्याच्या फळ्यांकडे पाहत होते. "होडी ओढून आणली तेव्हा खिशात हाताला लागलं," अखेर ते म्हणाले. "मी ते लावून टाकलं. सगळे विचारत होते हो, मास्तर, सगळे माझ्याकडे बघत होते. घट्ट होतं असं तोंडातून निघून गेलं. एकदा निघाल्यावर मग..."

"मग वर्ष गेलं," बाई म्हणाल्या. "दर आठवड्याला आमच्याकडे येऊन चहा प्यायलात तुम्ही. हात जड होतो म्हणालात. हा माणूस जिना धरून उतरायला लागला."

"पण मॅडम, तुम्हाला खिसा कसा माहीत?" दंतवैद्याने विचारले. विचारण्यात काही डाव नव्हता. त्याला कुतूहल होते.

"पाहिलं मी. सकाळी, फोटोच्या आधी."

वहिनींनी मान वर केली. "मी होडीत बसायच्या आधी?"

यावर पुष्कळ उत्तरे देता आली असती. "हो," बाई म्हणाल्या.

वहिनींनी बूच मास्तरांच्या हातात दिले, अंगाभोवती टॉवेल ओढला आणि व्हरांड्यात जाऊन तळ्याकडे पाठ करून बसल्या.

ॲडमिरलांनी हात पुढे केला. "बदक द्या, मास्तर. माझं आहे ते."

"होडी उलटली कुठे?" मास्तर म्हणाले. "नियम म्हणजे नियम." त्यांनी दोरी डोक्यावरून काढली. ओल्या लाकडाचा पिवळा रंग त्यांच्या सदऱ्याला लागला होता. "टिटवी मात्र मला परत द्या. पुढच्या रविवारी मी काढणार आहे तिला. आणि बुचं तपासायला येऊ नका."

ॲडमिरल म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं." मास्तर त्यांच्या खांद्यावर हात ठेवतील अशी बाईंना भीती वाटली. त्यांनी तो ठेवला नाही, एवढाच त्या दिवसाचा दिलासा.

परतताना गाडी मास्तर चालवत होते. निघताना त्यांनी बदक बाईंच्या मांडीवर ठेवले होते, आणि बाईंनीही ते मागच्या आसनावर टाकले नव्हते. साडी ओली होत होती. बाई मनात मुद्दे जुळवत होत्या. वाऱ्याचा वेग, पाण्याचे तापमान, ॲडमिरलांचे पोहणे. सगळे मुद्दे बिनचूक होते. ॲडमिरलांवर त्या अजून तितक्याच रागावलेल्या होत्या, त्यांना इतक्या स्वस्तात सोडणाऱ्या नवऱ्यावर त्याहून जास्त. आणि मुद्द्यांच्या त्या सरळ रांगेत नारिंगी जॅकेट घातलेली एक बाई पुन्हा पुन्हा येऊन बसत होती. तिला प्रयोगात सामील करताना कुणी विचारले नव्हते. हाताखालच्या कुणी असे केले असते तर त्याला बाईंनी दुसऱ्या दिवशी दारातून आत घेतले नसते.

घर आले. मास्तरांनी इंजिन बंद केले.

"वहिनींकडे उद्या जा," ते म्हणाले.

"जाणारच आहे. तू सांगायला नको."

"आणि रविवारी बूच तू बसवायचंस."

"बसवीन," बाई करवादल्या. "आणि बसवल्यावर उघडून बघायचं नाही. कुणीही."

मास्तर उतरले आणि कठड्याला हात न लावता जिना चढून गेले. बाई बदक घेऊन गाडीतच बसून राहिल्या, आणि ते कुठल्या खिळ्याला टांगायचे याचा रागारागाने विचार करू लागल्या.